काहीतरी चावलं, पण काय?

कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गी भागात, कमालनगर, औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि तांड्यावर लंबाणी अशी सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शेतं मात्र सगळ्यांची सारखीच, आणि त्या शेतांत तूर. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख तुरीचं कोठार म्हणून ओळखला जातो. दिवाळी सरली की तूर भरत जाते, वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, कडब्याची कोप उभी राहते, पाच दगड मांडून पांडवांची पूजा होते. पुढे कापणी आणि बडवणी, मग तुराट्यांच्या पेंढ्या परसात किंवा भिंतीला टेकून रचल्या जातात आणि वर्षभर चुलीला पुरतात. त्या ढिगात पहाटेच्या अंधारात हात घालणारी बाई, कोपीसाठी दगड उचलणारा मुलगा, माळवदाच्या घरात जमिनीवर झोपलेलं माणूस, यांतल्या कुणाला तरी काहीतरी चावतं. काय चावलं ते दिसत नाही. मग घरातलं कुणीतरी धीर देण्यासाठी म्हणतं, कोळी असेल. माझं म्हणणं असं की या पट्ट्यात हे वाक्य फार जपून उच्चारायला हवं. चावणाऱ्याचं नाव अंदाजाने ठरवून उपचार ठरवणं इथे जिवावर बेतू शकतं. शरीर काय दाखवतंय आणि चावून किती वेळ झाला, या दोनच गोष्टींवर घरच्यांनी चालावं. डॉक्टर हाताशी नसतो तेव्हा तर अधिकच.

आधी कोळ्याबद्दल, कारण त्याच्याविषयीची भीती आणि त्याच्याविषयीचं ज्ञान यांत फार अंतर आहे. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेकांना विष असतं, पण ते किड्यांसाठी. माणसाच्या कातडीत दात रुतवण्याइतकं बळ बहुतेकांकडे नसतं. ज्यांच्यामुळे माणसाला खरोखर धोका होतो अशा जाती मोजक्या. जुन्या घरांत भिंतीवर दिसणारा, हाताच्या पंजाएवढा पसरलेला, पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती घेऊन फिरणारा चपटा कोळी दिसायला भयंकर, पण त्याचा चावा गांधीलमाशीच्या दंशापलीकडे सहसा जात नाही. झाडाच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी चावले तर वेदना आणि स्नायूंचे पेटके येतात, ते काही दिवस त्रासही देतात. ‘काळी विधवा’ म्हणून ज्यांची ख्याती आहे त्यांचे भाऊबंद भारतातही सापडतात. त्यांच्या विषाने घाम, पोटात पीळ, पाठीत कळा अशी लक्षणं दिसतात, पण मृत्यू अत्यंत विरळा. भारतात कोळ्याच्या विषावर प्रतिविष तयार होत नाही. म्हणजे ज्याला खरोखर कोळीच चावला आहे, त्याला मोठ्या रुग्णालयातही वेदना कमी करणं, जखम स्वच्छ ठेवणं, धनुर्वाताचं इंजेक्शन देणं आणि लक्ष ठेवणं हेच उपचार मिळतात. यांतलं बरंचसं घरीही करता येतं. म्हणून कोळ्याच्या चाव्यावर घरचा इलाज काय, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कठीण भाग आहे तो कोळीच चावला हे ठरवण्याचा.

आणि ते ठरवण्यात भल्याभल्यांची चूक झाली आहे. अमेरिकेत विषारी तपकिरी कोळ्याची इतकी धास्ती आहे की कुठलीही न भरणारी जखम त्याच्या नावावर खपते. पण कॅन्सस राज्यातल्या एका घरात सहा महिन्यांत त्या जातीचे २,०५५ कोळी पकडले गेले, आणि त्या घरात राहणाऱ्या कुणालाही त्यांचा उपद्रव झालेला नव्हता. २००२ साली ही नोंद प्रसिद्ध झाली. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांच्या बाळाच्या हातावरची सूज आधी कोळ्याचा चावा समजली गेली, ती निघाली अँथ्रॅक्सची. आपल्याकडे पावसाळ्यानंतर दिव्याभोवती येणारा एक लांबट काळा-नारिंगी किडा अंगावर चिरडला की दुसऱ्या दिवशी जळल्यासारखा लांब चट्टा उठतो. तो चट्टाही घरोघरी कोळ्याच्या नावावर जमा होतो. याहून गंभीर उदाहरण स्क्रब टायफसचं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास या तापाची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो, चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते आणि काही दिवसांनी ताप चढतो. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने तो बरा होतो. कोळी चावला होता म्हणून हळद लावून बसलं तर यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं एकेक करून बिघडतात. काळी खपली आणि ताप एकत्र दिसले की तिथे घरगुती इलाज संपतो.

तरी जिवावरचा धोका या जखमांत नाही. तो मण्यार आणि लाल विंचू यांच्यात आहे, आणि हे दोघे कोळ्याच्या नावाखाली सहज लपतात. मण्यार रात्री उंदराच्या मागावर घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या कुशीशी किंवा अंथरुणाखाली सापडते आणि चावते. तिचे दात बारीक, विषाने जागा सुजत नाही, दुखतही नाही. अनेकदा दंशाची खूण भिंगानेही सापडत नाही. माणूस जागा झालाच तर काहीतरी टोचल्यासारखं वाटलं म्हणतो आणि पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ येते, मळमळतं, अंग जड वाटतं. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. तासाभरात पापण्या खाली येऊ लागतात, एकाची दोन माणसं दिसतात, थुंकी गिळता येत नाही, आवाज अनुनासिक होतो, मान उशीवरून उचलता येत नाही. यानंतर श्वासाचे स्नायू. या सगळ्या काळात जखम म्हणावी असं काही अंगावर नसतं, म्हणून घरच्यांचा अंदाज किड्यामुंगीवर किंवा कोळ्यावर थांबतो. वेदनेवरून धोका मोजायची आपली सवय इथे पूर्ण उलटी पडते: निरुपद्रवी कोळी कळवळायला लावतो, आणि जीव घेणारी मण्यार झोपही मोडत नाही.

विंचवाच्या बाबतीतही वेदना फसवते. मोठ्या काळ्या इंगळीला लोक जास्त भितात. तिची कळ मस्तकात जाते, पण जीव सहसा जात नाही. मारतो तो आकाराने लहान, तांबूस-पिवळा लाल विंचू. त्याच्या दंशाने फार दुखतंय आणि बाकी काही नाही, असा रुग्ण बहुधा सुखरूप राहतो. दुखणं जेमतेम पण कपडे भिजवणारा घाम, वारंवार उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार, मुलग्यांत लिंगाचा ताठरपणा, अशी लक्षणं दिसली तर विषाने मज्जासंस्थेला झपाटलं आहे आणि काही तासांत हृदय आणि फुप्फुसं धोक्यात येणार. हे ज्ञान आपल्याला परदेशी ग्रंथातून मिळालं नाही. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातून आलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाची मुलं तिथे डोळ्यांदेखत दगावत होती. रुग्णाच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून, नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांची ऊब यांच्या नोंदी ठेवून त्यांनी ही पूर्वचिन्हं निश्चित केली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार येतो, हे लक्षात आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरायला सुरुवात केली. १९८३ पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी २५ ते ३० मरत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरलं. पुढे मोठ्या रुग्णालयांनीही तीच गोळी स्वीकारली.

या कहाणीतली एक गोष्ट मला गोळीहूनही मोलाची वाटते. बावस्करांकडे सुरुवातीला ना प्रतिविष होतं, ना अतिदक्षता विभाग. विंचू कुठला होता हे सांगणारा साक्षीदारही बहुतेकदा नसे. होतं ते फक्त रुग्णाचं शरीर आणि मनगटावरचं घड्याळ. त्या दोहोंनी जे सांगितलं ते इतकं पक्कं होतं की त्यावर सगळा उपचार उभा राहिला. पुढे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी त्याचीही परीक्षा घेतली. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत ७० रुग्ण होते, प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. म्हणजे गोळीने जीव वाचतो आणि प्रतिविषाने त्रासाचा काळ कमी होतो. बिदरचं पठार कोकणासारखंच जांभ्या दगडाचं, आणि लाल विंचवाचे गंभीर रुग्ण पश्चिम महाराष्ट्राइतकेच कर्नाटक आणि आंध्रातूनही नोंदले गेले आहेत. कलबुर्गी जिल्ह्याचं तर नावच शहाबादी फरशीशी जोडलेलं. शहाबाद, चित्तापूर, सेडमच्या खाणींतून निघालेल्या फरश्या घराच्या छतावर, अंगणात, कट्ट्यावर असतात आणि त्यांच्या थप्प्यांच्या फटी विंचवाला हव्या तशा अरुंद, कोरड्या आणि गार. तिथे उघड्या हाताने फरशी सारणाऱ्या मजुराला बिरवाडीचं ज्ञान कोकणातल्या शेतकऱ्याइतकंच लागू आहे.

तर न दिसलेल्या चाव्यानंतर, दवाखाना लांब असताना, घरात काय करावं? माणसाला आडवं करावं, चालायला लावू नये. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा समजून फळी-कापडाने हलणार नाही असा सैल बांधावा. सूज चढायच्या आत अंगठी, बांगड्या, जोडवी, करदोटा काढावा. जागा साबण-पाण्याने हळू धुवावी. चोळू नये, चिरू नये, चोखू नये. वर दोरी आवळू नये, कारण दोरीने विष थांबत नाही, पण रक्त थांबतं आणि हात-पाय जातो. कुणी आधीच घट्ट दोरी बांधली असेल तर ती झटक्यात तोडू नये, दवाखान्यात सोडवू द्यावी. ठणक असेल तर गार पाण्याची पट्टी आणि पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या टाळाव्यात. चावा घोणस किंवा फुरशाचा असला तर रक्त आधीच गोठेनासं झालेलं असतं, त्यात त्यांची भर नको. चावल्याची वेळ कागदावर लिहावी. सूज किंवा लाली असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारावी आणि रेघेशेजारी वेळ टाकावी. अर्ध्या तासाने सूज रेघ ओलांडून कुठे गेली ते पाहावं, पुन्हा रेघ, पुन्हा वेळ. कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरला मराठी आजीची हकीकत नीट कळली नाही तरी कातडीवरच्या त्या चार रेघा त्याला सगळं सांगतात. अधूनमधून रुग्णाला मान न हलवता वर बघायला सांगावं. पापण्या डोळ्यांवरच लोंबत राहिल्या तर हा कोळी नव्हे. आणि हे सगळं गाडी येईपर्यंत किंवा गाडीत बसल्यावर करायचं. न दिसलेला दंश २४ तास देखरेखीखाली राहायला हवा, मग रुग्ण कितीही ठणठणीत दिसो.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विंचू उतरवणारा, पान लावणारा, मंत्र घालणारा माणूस या भागात आहे, लोक त्याच्याकडे जातात आणि बरे होतात. हे खरं आहे, बरे होतात. पण का, ते पाहायला हवं. सर्पदंशांपैकी सुमारे ७० टक्के बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी जवळपास निम्म्या वेळा त्याने पुरेसं विष सोडलेलं नसतं, असं सरकारी उपचारसंहिताच सांगते. काळ्या इंगळीची कळ काही तासांनी आपोआप उतरते. कोळ्याचा चावा तर जवळजवळ नेहमीच बरा होतो. म्हणजे काहीही केलं तरी बहुसंख्य लोक वाचणार, आणि ज्याच्या हातून शेवटचा उपचार झाला त्याला यश मिळणार. यादगीर जिल्हा २००९ पर्यंत कलबुर्गीचाच (तेव्हाच्या गुलबर्ग्याचा) भाग होता; तिथल्या कंदकूरच्या टेकडीवर नागपंचमीला कोंडमाईच्या दर्शनाला येणारी माणसं, लहान मुलंसुद्धा, दगडाखालचे विंचू उचलून हातावर, तोंडावर फिरवतात आणि दंश झालाच तर भंडारा लावतात. त्या श्रद्धेचा मला अनादर करायचा नाही. विंचू डिवचल्याशिवाय नांगी सहसा वापरत नाही, विष तयार करायला त्याला शक्ती खर्चावी लागते, हेही तिथे दिसतं. मात्र एका टेकडीवर, एका दिवशी, उजेडात, हळुवार हाताने उचललेला विंचू आणि अंधारात तुराट्यांखाली दाबला गेलेला विंचू यांचा हिशेब एक नाही. मंत्राने नुकसान होत नाही, नुकसान होतं त्यात जाणाऱ्या वेळाने आणि सोबतच्या ब्लेडने. २०१२ साली आसाममधल्या सादियात कोळ्यांचा सुळसुळाट झाल्याच्या बातम्यांनी देश घाबरला, दोन मृत्यू सांगितले गेले. त्या दोघांवरही आधी गावठी वैद्यांनी ब्लेडने जखमा चिरून उपचार केले होते आणि शवविच्छेदन न होताच अंत्यसंस्कार झाले. कोळ्याने मारलं की ब्लेडने, याचा निवाडा होऊच शकला नाही. कडुनिंबाचा पाला किंवा मिरची खायला देऊन चव कळते का पाहण्याची रीतही आपल्या भागात आहे. मण्यारीच्या विषाने गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाच्या तोंडात घातलेला घास श्वासनळीत जातो. त्यामुळे उतरवणाऱ्याचं मन राखायचंच असेल तर त्याला गाडीत सोबत घ्यावं. गाडी त्याच्या दारात थांबवू नये. कित्येक गावांत लोक आधी त्याच्याकडेच धावतात, म्हणून पापण्यांची आणि गार हातापायांची खूण त्यालाही शिकवली पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणेन.

दुसरा आक्षेप शिकलेल्या तरुणांचा असतो: मोबाईलवर सगळे उपचार मिळतात, त्यासाठी थांबायचं कशाला? मिळतात, पण कुठल्या मुलखातले ते पाहायला हवं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या विषारी कोळ्यासाठी चावलेल्या अवयवावर पूर्ण दाबपट्टी गुंडाळायला शिकवतात, आणि तिथल्याच लालपाठी कोळ्यासाठी ती पट्टी बांधू नका म्हणून सांगतात. सिडनीच्या कोळ्यावर १९८१ मध्ये प्रतिविष आलं आणि त्यानंतर मृत्यू थांबले. लालपाठीवरचं प्रतिविष १९५६ पासून होतं, पण अलीकडच्या काटेकोर चाचणीत त्याचा फायदा नगण्य निघाला. एकाच देशात दोन कोळ्यांना दोन उलटे नियम, कारण एकाचं विष पसरू न देणं महत्त्वाचं आणि दुसऱ्याचं एका जागी दाबून ठेवल्याने वेदनाच वाढते. औरादच्या शिवारात यांतला एकही कोळी नाही. तिथला सल्ला इथे आणून फुरसे किंवा घोणसाने सुजवलेल्या पायावर घट्ट पट्टी आवळली तर मांसच सडेल. प्रथमोपचार हा त्या-त्या मातीतल्या जीवांशी बांधलेला असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि त्याला उत्तर देताना माझा सूर थोडा चढेल. दवाखानाच जवळ नाही, मग काय करायचं? इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बिदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कलबुर्गीला आहे. कर्नाटकात १०८ ची सेवा २००८ पासून धावते. या भागाच्या मागासलेपणाची दखल घेऊन संविधानात ३७१ (जे) हे कलम घातलं गेलं, त्यासाठी स्वतंत्र विकास मंडळ आणि निधी आला. तरीही कमालनगरच्या माणसाला बिदरपेक्षा उदगीर जवळ पडतं आणि रात्री दोन वाजता तो कुठल्या राज्याच्या दारात जायचं यावर विचार करत बसतो. त्याने विचार करू नये. जिथे सर्पविषावरची लस, ऑक्सिजन आणि जागा डॉक्टर आहे आणि जे लवकर गाठता येईल, ते त्याचं रुग्णालय. पण हे दंश होण्याआधी माहीत हवं. कुठल्या केंद्रात लस आहे, रात्री कोण असतं, याचा फलक दोन्ही भाषांत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला खर्च किती? एका रंगाच्या डब्याएवढा.

आणि वैद्यकीय मदत म्हणजे मोठी इमारत असंही नाही. सापाच्या विषाने रक्त बिघडलं आहे का हे पाहायला एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी पुरते: दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकी करून पाहायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर लस सुरू करायची. याला ना वीज लागते ना तंत्रज्ञ. पावडरच्या रूपातली लस शीतपेटीबाहेरही टिकते. पहिली मात्रा प्राथमिक केंद्रात देऊन मग रुग्ण पुढे पाठवावा असं मार्गदर्शन आहे. प्रत्यक्षात ॲलर्जीच्या भीतीने अनेक ठिकाणी लस न देताच चिठ्ठी लिहून पुढे धाडतात. शेजारी ॲड्रिनॅलिन भरून ठेवलं तर त्या भीतीला उत्तर आहे. प्राझोसिनचंही तसंच. ती घरोघरी ठेवावी असं काही जण सुचवतात, ते मला मान्य नाही. विषाची लक्षणं नसताना दिली, किंवा देऊन रुग्णाला उठून बसवलं, तर रक्तदाब कोसळतो. लहान मुलाची मात्रा वजनावरून ठरते. पण उपकेंद्रातल्या परिचारिकेला ही लक्षणं आणि ही मात्रा शिकवून तिच्या कपाटात ती ठेवणं, हे अशक्य कोटीतलं मुळीच नाही. बावस्करांनी हे सिद्ध केलं तेही एका खेड्यातल्या केंद्रातूनच.

अंतर कमी करता येतं, याचा नेपाळहून मोठा पुरावा नाही. तिथल्या तराईत सर्पदंशाचे रुग्ण वाटेतच जात. मग गावोगाव मोटारसायकलवाले स्वयंसेवक ठरवले गेले. रुग्णाला चालवणारा आणि मागचा माणूस यांच्यामध्ये बसवून थेट उपचार केंद्रात नेण्याची शिस्त लावली, जोडीला लोकशिक्षण केलं. मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आलं. डॉक्टर तेवढेच, लस तीच. बदलला तो मधला तास. बिदर-कलबुर्गीत मोटारसायकल नाही असं गाव सापडणं कठीण. नेपाळमध्येच असंही दिसलं की नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना रात्री साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी असतं. मण्यारीवर याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

सरकारने हालचाल केली आहे, हे नाकारता येणार नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, आणि पुढच्याच महिन्यात केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. पण ही नोंद सापाची आहे. साप दिसलाच नाही, सकाळी पोट दुखलं, दुपारी श्वास थांबला, घरच्यांनी कोळी किंवा किडा सांगितला, तर तो मृत्यू कुठल्या रकान्यात जाणार? विंचवाने दगावलेलं मूल कुठे नोंदणार? नोंदवहीत ‘अज्ञात दंश’ असा रकाना असावा, त्यापुढे वेळ, पापण्या, घाम, गार हातपाय, रक्ताची २० मिनिटांची चाचणी एवढं लिहिलं जावं. मग पाच वर्षांत कळेल की या तुरीच्या मुलखात खरोखर कोण चावतं, कोणत्या महिन्यात आणि कुठल्या गावात, आणि लस त्या हिशेबाने पोचवता येईल.

राहिला तो माणूस ज्याची गाडी अजून वाटेत आहे आणि ज्याचा श्वास मंदावतो आहे. त्याला कुशीवर वळवावं, तोंडातली लाळ पुसावी, पाणीही पाजू नये. छाती हलेनाशी झाली तर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाने श्वास द्यावा, दर पाच-सहा सेकंदांनी एक, आणि दमल्यावर दुसऱ्याने जागा घ्यावी. मण्यारीचं विष मेंदू मारत नाही, स्नायू थांबवतं. असा माणूस डोळे उघडू शकत नाही, बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत, चिमटा काढला तरी हलत नाही, आणि तरी त्याला आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असू शकतं. मृत समजले गेलेले असे रुग्ण काही दिवस कृत्रिम श्वासावर राहून पूर्ण बरे झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. तेव्हा भालकी-बिदर रस्त्यावर गाडीत कुणी म्हणालं की आता काही उरलं नाही, चला परत, तर गाडी वळवायची नाही. श्वास देत राहायचं, आणि मृत्यू झाला की नाही हे रुग्णालयातल्या डॉक्टरने तपासून सांगेपर्यंत थांबायचं नाही.